आठ माद्या आणि अक्कांचा अर्धा तास

चकवा, दृष्ट, कुणाला आधीच कळलेलं... असलं कुणी सांगायला लागलं की मी आधी भांडते. नागपूरची आहे, तोंड आहे मला. पण बेंगळुरूला येलहंकातल्या आमच्या लॅबमध्ये गेल्या वर्षी जे झालं, त्यावर भांडायला माझ्याकडे काहीच नाही.

माझी पीएचडी पांढऱ्या उंदरांवर. घाबरल्यावर रक्तातलं ताणाचं हॉर्मोन नरांत किती वाढतं, माद्यांत किती — हा विषय. माद्यांत जास्त वाढतं. अरुंद नळीत अर्धा तास कोंडायचं, मग शेपटीतून थेंबभर रक्त घ्यायचं. शिवाय आठ नर आणि आठ माद्या कंट्रोल, म्हणजे त्यांना काहीच करायचं नाही. ही शेवटची बॅच. बिघडली तर मुदतीत थीसिस होणं अशक्य.

उंदीर हाताला बुजू नयेत म्हणून आधी दहा दिवस एकाच माणसानं त्यांना रोज हाताळायचं असतं. ते काम आमच्या लॅबमधल्या मदतनीस तुळजक्कांचं. पिढ्यानपिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घर, बोलण्यात निम्मं कन्नड. "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत प्रत्येकाला हातात घ्यायच्या. नर-मादी भेद नाही.

रक्त घेण्याच्या दिवशी अक्का रजेवर होत्या. सकाळी दहाला मी एकटीनंच सगळ्या कंट्रोलचं रक्त घेतलं. सगळे गाढ झोपेत होते.

दोन आठवड्यांनी आकडे आले. कंट्रोल नर नेहमीसारखे. माद्या मात्र आठही — जणू अर्धा तास नळीत कोंडल्या होत्या. नव्या किटवर पुन्हा केलं, तेच. गाईड म्हणाले, माद्यांच्या ऋतुचक्रामुळे आकडे वरखाली होतात. पण आठ जणींच्या अवस्था वेगवेगळ्या होत्या, रोजची नोंद माझीच होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग राग अक्कांवर काढला. "त्या दिवशी सकाळी पिंजरे हलवलेत ना तुम्ही?"

"मी कुठं होते गं? चष्म्यासाठी शिवाजीनगरला गेलेले. तिथं लिफ्टात अडकले. अंधार... श्वास स्वल्पही मिळेना. पोरींना म्हणते तसं स्वतःलाच 'सरी, सरी' म्हणत बसले."

"किती वाजता?"

"साडेनऊला. दहाला काढलं बाहेर."

दहालाच मी रक्त घेतलं होतं. येलहंका कुठे, पार शहराच्या मध्यातलं शिवाजीनगर कुठे... मी त्यांना आकडे दाखवले. त्यांना नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. "माझ्यापायी घाबरल्या गं पोरी," म्हणाल्या, आणि तशाच आत पिंजऱ्यांपाशी गेल्या. मी दारातच उभी राहिले. आत जायची माझी लायकी नाही असं वाटलं, खरंच.

नवी बॅच केली. थीसिस सहा महिने उशिरा दिला. जुनी बॅच का वगळली तिथे 'तांत्रिक दोष' लिही, असं गाईड म्हणाले. त्यांचं मी कधी मोडत नाही. पण तिथे मी लिहिलं — कारण माहीत नाही.