दाजींच्या धरणात दोन बोटं पाणी कमी

आमच्या दाजींच्या हातात पडलेली वस्तू अख्खी राहिली, असं जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कुणीही शपथेवर सांगू शकणार नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. जुन्नरच्या जरा बाहेर एक छोटं विज्ञान केंद्र आहे, शाळांच्या सहली येतात तिथे. त्याच्या वरच्या मजल्यावरची टेक्नॉलॉजी गॅलरी दाजी चालवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली गाईड. चालवायचे म्हणजे काय, तर खोलायचे. चालू मशीन बघून माणूस काय शिकत नाही, हे त्यांचं ठाम मत. "चालू मशीनला माणूस नुस्ता नमस्कार करतो मेव्हणीबाई," म्हणायचे, "बंद पडलं की मग वाकून बघतो." त्यामुळे सहल जिना चढून वर आली की हमखास एखादा पंखा पोट फाडून पडलेला, पाण्याची मोटर अर्धी टेबलावर अर्धी खाली, आणि मध्ये दाजी मांडी घालून. आणि येणाऱ्याला ते नुसतं उभं राहूच द्यायचे नाहीत. "या पावणं, धरा जरा." धरा म्हणजे धरायचंच! नवीन लग्न झालेलं एक जोडपं फिरायला आलं होतं, त्या नवरीच्या मेंदीच्या हातात दाजींनी पंख्याची कॉइल दिली आणि नवऱ्याच्या हातात पकड. पाऊण तास! जाताना ती नवरी म्हणाली, "आमच्या घरचा पंखा पण आवाज करतो हो," आणि नवऱ्याचा चेहरा असा झाला की मला खाली जाऊन हसावं लागलं. एकदा एका आजोबांकडे स्क्रू धरायला दिले, ते गप्पांच्या नादात खिशात घालून निघून गेले. तिसऱ्या दिवशी एसटीचा कंडक्टर कागदाची पुडी घेऊन हजर. आत तीन स्क्रू आणि चिठ्ठी, "चुकून आले, माफी असावी, मशीन चालू झाले का कळवावे." दाजींनी त्याच कंडक्टरबरोबर उलट चिठ्ठी पाठवली, "अजून न्हाई. परत या."

थांबा, मिक्सरचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ताईच्या लग्नात आम्ही दिलेला मिक्सर एक दिवस घुर्र करून थांबला. दाजी म्हणाले, "रुसलाय, नेतो." (मशीन खराब झालं असं ते कधीच म्हणत नाहीत, रुसलंय म्हणतात.) नेला तो नेलाच. महिन्याभरात तो मिक्सर 'मोटर आतून कशी असते' या पाटीखाली, एका बाजूने कापून त्यावर पारदर्शक प्लास्टिक लावून, गॅलरीत बसला! चालायचा मात्र झकास. मग ताईला शेंगदाण्याची चटणी करायची असली की ती डबा घेऊन गॅलरीत यायची. सहलीची पोरं गोल करून उभी, ताई लसूण टाकतेय, आणि दाजी छडीने दाखवतायत, "हे बघा, हा कार्बन ब्रश, आणि ही तुमची काकी." सगळ्या गॅलरीत लसणाचा वास. एका शाळेच्या बाईंनी अभिप्राय वहीत लिहिलं होतं, "प्रदर्शन उत्तम, चटणीत मीठ कमी." ताई आठवडाभर धुमसत होती.

पण या सगळ्या उद्योगांत एका वस्तूला दाजी कुणालाच हात लावू द्यायचे नाहीत. ते म्हणजे धरण. खिडकीजवळ लांबलचक टाकी होती, त्यात प्लास्टरचे डोंगर, एका टोकाला भिंत, भिंतीत दरवाजे, खाली छोटं जनित्र आणि त्याला जोडलेला एक बल्ब. पंप सुरू केला की टाकीत पाणी चढायचं, दरवाजा उघडला की जनित्र फिरायचं, बल्ब लागायचा. आणि टाकीच्या आत उतारावर, लाकडी फळीवर, एक गाव. वीसेक घरं, प्रत्येक काड्यापेटीएवढं. ते दाजींचं गाव. म्हणजे वाडीच. दाजी चार वर्षांचे असताना ती वाडी खऱ्या धरणात गेली, हे लोक उठून शिनोलीला आले, आणि पुढे नोकरीमुळे दाजींनी जुन्नरला बिऱ्हाड केलं. आता गंमत बघा, चार वर्षांच्या पोराला गाव कितीसं दिसणार? गुडघ्याएवढं! दाजींना गावातला प्रत्येक उंबरा पाठ, कुणाच्या पायरीचा कोपरा तुटका, कुणाच्या दारात कुत्र्याने खड्डा उकरलेला, हे सगळं त्यांनी सुईने कोरलेलं. पण वर छप्परं नाहीत. एवढ्या उंचावरचं त्यांना काही आठवतच नव्हतं. त्यामुळे म्हातारं माणूस जिना चढून आलं की दाजी हातातलं टाकून धावायचे. "पावणं, धरणातलं का तुमी? तुमच्या घरावर काय व्हतं, कौल का पत्रा?" दहातले नऊ जण म्हणायचे, आमी खोडदचं हो, आमी ओतूरचं. पण एखादा निघायचा, आणि त्या दिवशी गावातल्या एका घराला छप्पर मिळायचं. माझ्यासमोर असं करत करत सगळ्या घरांना छप्परं आली, एक सोडून. दाजींचं स्वतःचं. वडील लवकर गेलेले. आईला, म्हणजे ताईच्या सासूबाईंना (मी त्यांना मावशी म्हणते), विचारावं तर त्या जुन्या गावाचा विषय निघाला की निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घ्यायच्या. गॅलरीत तर त्या कधी पाऊलच ठेवत नव्हत्या.

आणि मी पडले महाळुंगे पडवळची! आमच्या शेतात कॅनॉलला त्याच धरणाचं पाणी येतं. दाजींनी यावरून मला जे पिडलंय! आमच्याकडे जेवायला आले की कांद्याची फोड हातात धरून म्हणायचे, "मेव्हणीबाई, ह्यात माझं घर हाय." लग्न ठरताना आमच्या वडिलांनी, अण्णांनी, विचारलं होतं, काही अपेक्षा? तर म्हणे, "काय नको. मी माझ्याच पाण्याला जावई म्हणून येतोय." अण्णा हसले, पण मग उठून त्यांनी स्वतः दाजींना तांब्या भरून दिला.

धरण सुरू करायची पण एक पद्धत होती. दाजी पंपाच्या बटणावर बोट ठेवायचे आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "पाणी सोडतोय! गाव रिकामं झालं का?" कुणीतरी "झालं" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पोरांना लई मजा यायची, सगळी एकदम बोंबलायची, "झालंऽऽ!" तरी दाजी थोडं थांबायचे. मग पाणी. ते चढत चढत एकेक घर गिळायचं आणि अगदी वरच्या, बिनछपराच्या घराच्या पायरीला टेकलं की दाजी पंप बंद करायचे. आणि बल्ब? बल्ब काजव्यासारखा. दिवसा तर हाताची ओंजळ करून बघावा लागायचा.

हेच पुण्याच्या सायबांना खटकलं. वर्षातून दोनदा ते तपासणीला यायचे, सज्जन माणूस, पण घड्याळ बघत बोलणारा. ओंजळ करून बल्ब बघितला आणि म्हणाले, "हे फेल आहे. पुढच्या वेळी बल्ब नीट लागला तर ठीक, नाहीतर टाकी काढा, इथे स्क्रीन बसवू. त्यात धरण छान दिसतं." सायब गेल्यावर मी तोंड उघडलं, दाजी, मागून एक बॅटरी जोडू ना, कुणाला कळतंय! दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळातली घंटा विकायला काढली. "गॅलरीत फसवायचं? पोरांना?" मग खाली बसले. बराच वेळ एक पाना पुसत राहिले. "दोन बोटं पाणी वाढवलं की बल्ब लख्ख लागतोय. मला काय कळत न्हाई व्हय? पण दोन बोटं वाढवलं तर ते घर जातंय." मी म्हटलं, दाजी, ती काड्यापेटी आहे. ते म्हणाले, "व्हय की." आणि पाना पुसत राहिले. टाकी गेली तर अख्खं गाव जाणार, टाकी ठेवायची तर घर बुडवायचं. दोन महिने त्यांनी दुसरं काहीच खोललं नाही. पंखेसुद्धा गप चालत होते, इतकं वाईट वाटायचं!

मी सगळं ताईला सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाहीच. ताई म्हणाली, बघते. सायब येणार त्या सकाळी ती चक्क मावशींना घेऊन जिना चढली. "चटणी करायचीय, मला एकटीला जमत नाही," असं सांगून आणलं होतं म्हणे! सायब टाकीपाशी उभे, दाजींचं बोट बटणावर, घामाघूम, आणि मावशी शेंगदाण्याचा डबा कडेवर घेऊन सरळ टाकीवर वाकल्या. कितीतरी वेळ वाकून. मग म्हणाल्या, "गाव उलटं बसवलंयस."

"आं?"

"उलटं रे. आपलं घर पार खाली व्हतं, वढ्याला लागून. तू वर नेऊन ठिवलंयस."

दाजी म्हणाले, "न्हाई आई, मला चांगलं आठवतंय. सगळी घरं दिसंनाशी झाली, आपलं मागं राह्यलं व्हतं."

"ट्रकात पाठमोरा बसलेलास तू," मावशी म्हणाल्या. "भांड्याच्या पोत्यावर. ट्रक वढ्याकडनं निघाला, म्हून आपलं घर शेवटपतोर दिसत राह्यलं तुला. पाण्यात ते पयलं गेलं." आणि जरा थांबून, "पत्रा व्हता वर. त्याच्यावर भोपळ्याचा येल. त्यो कुठाय?"

सायबांनी घड्याळ बघितलं नाही, हे मी मुद्दाम बघितलं. मग दाजींचा चेहरा बदलला, तो नेहमीचा, खोलायचा! त्यांनी खिशातून पाना काढला, गावाच्या फळीचे चार बोल्ट सोडवले आणि मागे न बघता हात पुढे केला, "धरा जरा." ते बोल्ट पडले सायबांच्या हातात! सायबांनी धरले की, दोन्ही हातांची ओंजळ करून. दाजींनी आणि मी फळी अख्खी फिरवली, खालचं वर, वरचं खाली. घरं सगळी एका अंगाला कलली. मी म्हटलं, वाकडी दिसतायत हो. मावशी म्हणाल्या, "वाकडीच व्हती." ताईने शेंगदाण्याच्या डब्याचं झाकण कापून इवलासा पत्रा केला आणि दाजींनी हिरवी वायर सोलून त्यावर वेल चढवला. सायब बोल्ट घेऊन उभे!

मग दाजी बटणापाशी गेले. ओरडले नाहीत त्या दिवशी. हळूच विचारलं, "पाणी सोडतोय. गाव रिकामं झालं का?"

सायबांना कुठे माहीत उत्तर द्यायचं असतं ते. मला माहीत होतं, पण मी मावशींकडे बघितलं.

"झालं रे," मावशी म्हणाल्या. "कवाच झालं. सोड पाणी."

पहिलं गेलं ते पत्र्याचं घर. वेलाचं टोक थोडा वेळ पाण्यावर हललं. मग वरची, मग त्याच्या वरची, दोन बोटं वाढलं, आणि बल्ब असा लख्ख लागला की सायबांच्या चष्म्यात दिसला. सगळे बल्बकडे बघत होते. दाजी आणि मावशी पाण्यात. टाकी राहिली. मावशींनी त्यानंतर शांतपणे चटणी वाटली आणि सायबांना पुडी बांधून दिली. मीठ बरोबर होतं.

आता त्याच सायबांनी दाजींना उचलून नागपूरला नेलंय, तिकडे मोठी नवी गॅलरी उभी करायला. ताई आणि मावशी पण गेल्या. मिक्सर सुद्धा! इथलं सगळं माझ्याकडे आहे. मी पण पंखे खोलते, जुळवता येत नाहीत मला सगळे, पावण्यांना "धरा जरा" म्हणते, पण माझ्या हातून लोक पाच मिनिटांत सुटून जातात. पोरं "झालंऽऽ" ओरडली की मी दाजींसारखी थोडी थांबते. संध्याकाळी पाणी उतरवल्यावर ओल्या गावाचा फोटो त्यांना पाठवते. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही, उत्तर येतं, "वेल उजवीकडं घे."

परवा आमच्याकडे कॅनॉलला पाणी सुटलं. मी पाटात पाय घालून उभी राहिले आणि कांद्याच्या वाफ्यात पाणी शिरताना व्हिडिओ काढून दाजींना टाकला. लगेच बघितला त्यांनी. बराच वेळ नुसतं वर टायपिंग, टायपिंग. मला वाटलं आता कांद्यावरून पिडणार.

आलं एवढंच, "गार हाय का गं?"

मी लिहिलं, "लई गार." आणि पाय काढले नाहीत.