हूडीचा पदर

इथे परदेशात, वॉन शहरातल्या वेअरहाऊसमध्ये माझ्या शेजारी पॅकिंग करणाऱ्या मावशी मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. लाइनवर स्कर्ट चालत नाही, म्हणून त्या पँटवर नवऱ्याची हूडी घालतात, पार गुडघ्यापर्यंत येणारी. अंग झाकलेलं असलं की देवासमोर बसायला बरं वाटतं, म्हणतात. लंच ब्रेकमध्ये डबा उघडला की हूडीची टोपी डोक्यावर ओढतात आणि डोळे मिटून प्रार्थना करतात. गावी चर्चमध्ये पदर घ्यायच्या, तसंच. आमेन झालं की टोपी मागे आणि, "घे गं, मेथीची भाजी आहे."

माझी फाटकी जीन्स बघून एकदा म्हणाल्या, "गुडघ्यांना गार नाही का लागत?" हा टोमणाच, असं मी धरून चालले आणि तेव्हापासून त्यांच्यासमोर जरा जपूनच वावरायला लागले.

मागच्या शुक्रवारी शिफ्ट संपवून मैत्रिणीच्या बर्थडेला जायचं होतं. वॉशरूममध्ये आखूड ड्रेस घातला, तर त्याची खालची दुमड उसवून लोंबत होती. वळले तर दारात मावशी. म्हटलं, आता बायबल निघणार.

पर्समधून सुईदोरा निघाला. मावशी खाली फरशीवर बसल्या आणि शिवायला लागल्या. मी मात्र सारखी ड्रेस खाली ओढत होते.

"ओढू नकोस गं," दाताने दोरा तोडत त्या म्हणाल्या, "दुमड जिथे होती तिथेच शिवलीय."