माझ्या नावाची टेस्ट

माझं पिंडदान नव्व्याण्णव सालीच झालं आहे.

ज्याच्या हातून ते चुकून झालं, तो माधव आज सकाळी पुण्यात वारला.

आम्ही दोघे बनारसचे. तो बालाजी घाटाजवळच्या भिक्षुकांच्या घरातला, मी बँकेच्या बदलीने इथे आलेल्या वडिलांचा मुलगा. शाळा एक, कॉलेज एक. कॉम्प्युटरही बरोबरच शिकलो.

तेव्हा अमेरिकेतल्या एका मराठी गृहस्थांना वेबसाइट हवी होती. परदेशातल्या माणसाने तिच्यावर फॉर्म भरायचा, गेलेल्या माणसाचं नाव, गोत्र, तिथी द्यायची. इथे घाटावर माधवचे काका श्राद्ध करणार. मग प्रसाद पोस्टाने घरी.

मी साइटची पानं बनवायचो, माधव तपासायचा. मी कुठे काही बदललं की त्याने अख्खा फॉर्म पुन्हा भरायचा. पुन्हा. पुन्हा.

"यार बंड्या, दिवसभर मेलेली माणसं टाइप करतोय मी."

शेवटी त्याने एक प्रोग्राम लिहिला. तो स्वतःच यजमानासारखा साइट उघडायचा, फॉर्म भरायचा, बटण दाबायचा, समोर आलेलं पान वाचायचा. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर स्क्रीनवर ‘पास’.

आज याला ऑटोमेटेड अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणतात. पोरं कॉलेजातच शिकून येतात. आम्हाला तेव्हा नावसुद्धा माहीत नव्हतं. माधव नुसता खुर्चीला टेकून बघत बसायचा आणि हसायचा.

फक्त एक होतं. मृताचं नाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जायचा नाही.

त्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले. टेस्टसाठी त्यांचं नाव टाकायला त्याचा हात धजेना. म्हणून त्याने माझं टाकलं. विनायक. पत्ताही आमच्याच घराचा, त्याला पाठ होता म्हणून.

मला हे माहीतसुद्धा नव्हतं.

साइट सुरू झाल्यावर त्याने एकदा तो प्रोग्राम खऱ्या साइटवर चालवला. सगळं पास. टेस्टची ऑर्डर नंतर हाताने काढून टाकायची होती, तेवढ्यात लाइट गेली. तो घरी गेला आणि विसरला.

दुसऱ्या दिवशी ऑर्डरी छापल्या. गठ्ठा काकांना नेऊन दिला तो माधवनेच. न बघता.

काका मला लहानपणापासून बंड्याच म्हणायचे. कागदावर नुसतं नाव, गोत्र, तिथी; त्यातला विनायक कोण, हे त्यांना कसं कळणार? त्यांनी यथासांग सगळं केलं.

पाकीट आमच्या घरी आलं. आईने उघडलं. प्रसाद, अंगारा आणि एक चिठ्ठी: कै. विनायक यांचे पिंडदान विधिपूर्वक संपन्न झाले.

मी आतल्या खोलीत झोपलो होतो.

तिने मला गदागदा हलवलं. मी "काय ग?" म्हटलं, तशी ती तिथेच जमिनीवर बसली.

माधव धावत आला. तिच्या पायाशी बसला.

"काकू, मशीनची गलती झाली. टेस्ट होती ती."

"मशीनला नाव कोणी सांगितलं?"



काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "दोष नाही रे यात. जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करतातच की लोक." असं म्हणाले खरे, पण माझ्या डोक्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले.

बाहेर आल्यावर माधव मला म्हणाला, "सगळं पास झालं रे बंड्या. जे जे व्हायला हवं होतं, ते सगळं झालं."

हे इथेच संपलं असतं. पण त्याच हिवाळ्यात गंगेपलीकडच्या रामनगरहून येताना, पिंपांवर तरंगणाऱ्या पीपा पुलाच्या लोखंडी पत्र्यावर माझी स्कूटर घसरली. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार. दोन दिवस शुद्ध नव्हती.

आईने हॉस्पिटलात माधवकडे एकदा बघितलं. बस्स.

तो घरी गेलाच नाही. माझं अंग पुसलं, भांडं दिलं, औषधं आणली. मी चालायला लागलो आणि तो पुण्याला नोकरीला निघून गेला.

टेस्टिंगमध्येच राहिला. पुढे मोठा झाला. त्याच्या हाताखालची मुलं सांगतात, टेस्टमध्ये कुठल्याही जिवंत माणसाचं नाव टाकलेलं सरांना चालायचं नाही. का, ते त्यांना माहीत नव्हतं.

फोन केला की आधी विचारायचा, "बरा आहेस ना?" मग पुढचं. मी चिडायचो. "अरे, किती वेळा विचारशील?"

बनारसला यायचा, काकांना भेटायचा. मला बाहेर चहाला बोलवायचा. आमच्या घराची पायरी मात्र चढायचा नाही.

गेल्या वर्षी मी हाताला धरून घरी आणलं. तेव्हा तो आजारी होता, बारीक झाला होता. आईसमोर गेला आणि एकदम म्हणाला, "काकू, मला माफ केलंत का?"

आई त्याच्याकडे बघतच राहिली. "कशाबद्दल रे, माधवा?"

त्याने सगळं सांगितलं. फॉर्म, पाकीट, पूल.

"तू अजून ते घेऊन बसलायस?" आई म्हणाली. "आणि मी समजत होते, तुला आमचा कंटाळा आला म्हणून येत नाहीस. बंड्याला जपलंस, ते सांगायचं राहिलं म्हणून मलाच वाईट वाटायचं."

माधव लहान मुलासारखा रडला. आईने त्याला धरून ठेवलं.

मी दारात उभा होतो. इतकी वर्षं दोघांच्या मधे मीच होतो. एकदा त्याला विचारलं असतं, एकदा तिला. मला वाटलं, जुनी गोष्ट आहे, कशाला उकरायची. त्याचं ओझं त्याने एकट्याने वाहिलं आणि मला ते फोनवर कटकट वाटायचं.

आज आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्रास नाही ना झाला त्याला?"

नाही झाला, आई. झोपेतच गेला.

माधव, सावकाश जा. आई आणि मी, दोघांचे तुला हात जोडून शेवटचे नमस्कार.