मोऱ्याचा चिखल

घारापुरीची लेणी मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि त्या दिवसाची आठवण निघाली की अजून माझं डोकं फिरतं. प्लेग यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही तेव्हा गिरगावात राहत होतो. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवलं की सगळ्या घराने मचवा करून घारापुरीला जायचं, लेणी बघायची आणि परतताना मोऱ्याला थांबायचं. मोरा म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावरचं बंदर. माझं माहेर तिथलं.

मला लेण्यांचं काय करायचंय! मला मोरा हवा होता. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं, पण 'इथे डॉक्टर आहेत' म्हणून सासरच्यांनी मला पाठवलंच नाही. मुलगा रांगायला लागला तरी माझ्या आईने त्याला पाहिला नव्हता. आई विधवा, त्यात दम्याने बेजार. तिला मुंबईला येणं झेपत नव्हतं आणि मला कोणी जाऊ देत नव्हतं. मोऱ्याच्या एका माणसाबरोबर तिला निरोप धाडला होता की दुपारी धक्क्यावर येऊन थांब, नातू घेऊन येते.

सहलीचे म्होरके होते भावोजी, माझे धाकटे दीर. कॉलेजात जायचे, आणि लेण्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक काखोटीला मारून आले होते. शिवाय बेटावर उतरल्या उतरल्या मामंजींनी एक वाटाड्या केला. म्हातारा, हातात काठी, येईल त्याला लेणी दाखवून पोट भरणारा. झालं! म्हातारा काठी रोखून सांगे, "हा रावण, कैलास हलवतोय." लगेच भावोजी पुस्तक उघडत, "छे, पुस्तकात निराळंच दिलंय." मग दोघे त्या फुटक्या मूर्तीचे हात मोजत बसत. अर्धे हात फिरंग्यांनी केव्हाच फोडलेले. जे हात जागेवर नाहीत त्यांत काय धरलं होतं, यावर दोघांचं भांडण! तीन तोंडांचा तो एवढा थोरला देव गप्प होता, आणि ही दोन तोंडं काही केल्या मिटत नव्हती. देव सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या एखाद्या दिवशी मीही त्याच्यापुढे हात जोडून बसले असते.

पण मी समुद्रकाठी वाढलेली पोर. लेण्याच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली पाणी दिसत होतं. सकाळी आलो तेव्हा तिवरांचे बुंधे बुडालेले होते, आता त्यांची मुळं उघडी पडायला लागली होती. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याला मचवा लागत नाही, सगळा चिखल होतो. हे मला ठाऊक होतं, पण सांगू कोणाला? आमच्यात सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नसे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी मामंजींशी एक शब्द बोलले नव्हते. जे सांगायचं ते सासूबाईंना सांगायचं, नाहीतर ह्यांच्या कानावर घालायचं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, देवाच्या दारी आलोय, घाई कसली?" मग ह्यांना खांबाआड गाठलं आणि म्हटलं, "पाणी उतरतंय. मामंजींना सांगा, आता निघायला हवं." हे म्हणाले, "सांगतो." गेले, भावोजींच्या शेजारी उभे राहिले आणि मान डोलवत रावणाची कथा ऐकायला लागले! तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. माझ्या तळपायाची आग नुसती मस्तकात गेली. वर सासूबाईंनी तिथेच दशम्यांचा डबा सोडला, आणि सगळे कसे निवांत जेवले. हात धुऊन मामंजी म्हणतात, "पलीकडचं एक लेणं राहिलं, तेही बघून घेऊ."

मग मात्र माझं मला आवरलं नाही. "मामंजी, ओहोटी लागलीय! माझी आई तिकडे उन्हात उभी आहे!"

त्या लेण्यात आवाज असा घुमला की मीच दचकले. म्हाताऱ्याची काठी हवेतच राहिली. मामंजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईंना सांगा, आम्हाला ऐकू येतं." आणि शांतपणे पलीकडचं लेणं बघायला गेले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, हे भावोजींनीच परतताना सांगितलं.

मोऱ्याला पोचलो तेव्हा व्हायचं तेच झालं होतं. धक्क्याच्या अलीकडे सगळा काळा चिखल. तांडेलाने मचवा थांबवला, म्हणाला, "ह्याच्या पुढे नाय जात." धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर माझी आई उभी होती. डोक्यावरचा पदर एका हाताने धरून, दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरून ती आमच्याकडेच बघत होती.

"पुढच्या खेपेला बघू," मामंजी म्हणाले.

पुढची खेप! ती कधी? मुलाची मुंज झाल्यावर? मी ह्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, मुलाला पाठीशी घट्ट बांधलं, लुगडं वर खोचलं आणि मचव्यावरून खाली उतरले. गुडघाभर चिखल. "अगं, हे काय आरंभलंस!" ह्यांना एकदाचा कंठ फुटला. मी वळून म्हटलं, "तुम्ही रावणाचे हात मोजा!"

लहानपणी त्या चिखलात मी रोज शिंपल्या वेचलेल्या, पाय कुठे टाकायचा ते मला शिकवायला नको होतं. अर्ध्यावर पोचले तोच धक्क्यावरून आई ओरडली, "मागे फीर, कार्टे! लाज सोडलीस काय? सासरचे बघताहेत!"

मी जागच्या जागी थांबले. मामंजींचा आला नव्हता, ह्यांचा आला नव्हता, इतका राग मला तेव्हा आईचा आला. जिच्यासाठी एवढं केलं तीच मला हाकलत होती! मी रडत ओरडले, "नाही फिरत! काय करायचं ते कर!" तेवढ्यात पाठीवरच्या पोरानेही भोकाड पसरलं.

ते ऐकलं आणि आई पायऱ्या उतरून चिखलात आली. धापा टाकत, लुगडं सावरत, आणि एक एक पावलाला मला शिव्या मोजत. "हेच शिकवलं का मी तुला? वडिलांचं नाव घालवलंस!" जवळ येऊन तिने पाठीवरून नातवाला काढून घेतला आणि त्याच्या टाळूवर गाल टेकला. धाप ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मग हळूच, माझ्या एकटीच्याच कानावर पडेल असं म्हणाली, "बरं केलंस गं."

आणि मचव्याकडे तोंड करून, तिकडे नीट ऐकू जावं म्हणून, पुन्हा मोठमोठ्याने मला शिव्या द्यायला लागली.