फलाटाच्या आवाजातलं बोलावणं

माझी अक्का पिंपळनेरला असते, तिला ऐकू येत नाही. मी जळगावात, पिंप्राळ्याला असतो, आणि मला दिसेनासं होत आलंय. आमची ही म्हणते, देवाने तुम्हा बहीणभावांची वाटणी मात्र चोख केली, भांडायला जागाच ठेवली नाही. ही यावलकडची, केळीच्या मुलखातली. सासरच्या माणसांवर बोलायला तिला निमित्त लागत नाही. पण या वेळी तिचं काही खोटं नव्हतं.

अक्काचे कान आधी गेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून तिने डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. फोनवर बोलणं संपलं. मग तिच्या सुनेने तिला फोनवर अक्षरं दाबायला शिकवलं आणि अक्का मेसेज लिहायला लागली. जसं बोलायची तसंच लिहायची, आमच्या अहिराणीत. तिला शाळेतली मराठी येत नाही असं नाही. सातवीपर्यंत शिकलेली आहे, आणि पत्रलेखनात तर तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. पण भावाला कोणी पेपर लिहिल्यासारखं लिहितं का?

मीही तिला अहिराणीतच उत्तर द्यायचो. माझ्या जुन्या फोनवर बोटाने अक्षर गिरवायची सोय होती. काचेवर बोट फिरवायचं, जे गिरवलं ते उमटायचं. 'शे' लिहिलं तर 'शे'च उमटे, त्याचं 'आहे' करायला तो फोन जात नसे. नजर आत आत ओढत गेली तशी माझी अक्षरं एकमेकांवर चढायला लागली. अक्काला अर्धे शब्द जात. ती ते लावून घ्यायची. लहानपणी मी बोबडा होतो तेव्हाही घरात माझं बोलणं तिलाच कळायचं.

मला काचबिंदू आहे. दाराच्या फटीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसतं, आणि फट बारीक होत चालली आहे. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येत नाही. आहे ते किती दिवस धरून ठेवता येतं ते बघू." एवढं सरळ बोलणारा डॉक्टर मला आवडला. घरी आल्यावर मात्र मी बरेच दिवस कोणाशी नीट बोललो नाही. लोक म्हणतात धीर धरा. धीर कशाचा धरायचा ते कोणी सांगत नाही.

फोन बदलायचं मुलाने काढलं. तो पुण्याला असतो. म्हणाला, "पप्पा, न दिसणाऱ्या माणसांसाठी ती दुसरी सिस्टीमच चांगली. आलेलं सगळं वाचून दाखवते. आत्ताच सवय करा, पुढे जड जाईल." पुढे म्हणजे काय ते मला कळलं. फोनमध्ये जाती दोनच. एक आमच्यासारख्यांची, एक महागाची. जन्मभर एका जातीत काढून साठी उलटल्यावर दुसरीत शिरायचं म्हणजे सोपं नसतं. पण अक्काचे मेसेज मला आता वाचता येत नव्हते. हिला वाचायला सांगावं तर ती आधी मनातल्या मनात वाचून हसायची आणि मग त्यातलं निम्मंच मला सांगायची. मला आमच्यामध्ये तिसरं माणूस नको होतं. एवढीच माझी मागणी होती आणि एवढ्याचसाठी मी नवा फोन घ्यायला तयार झालो.

दुकानदाराने दोन फोन पुढे ठेवले. एक आमच्या जुन्या जातीचा, एक नव्या.

"काका, ह्याचा कॅमेरा बघा."

"मला दिसत नाही," मी म्हणालो.

"रात्रीसुद्धा एकदम स्वच्छ दिसतं ह्यातून."

"मला दिवसाही दिसत नाही रे बाबा."

त्याने कॅमेरा बंद केला. माझी जीभ अशी चालते आणि मग मलाच वाईट वाटतं. मी त्याला अक्काचा एक मेसेज दोन्ही फोनमध्ये घालायला लावला आणि म्हटलं, आता यांना वाचू दे. पहिला फोन नाक चोंदल्यासारखा भरभर वाचून मोकळा झाला. दुसऱ्यातली बाई सावकाश, स्पष्ट वाचू लागली: "भाऊ, जेवना का? डोया कसा शेतस? आठे बठ्ठं बरं शे." बातम्या सांगणाऱ्या बाईने आमच्या ओट्यावर येऊन बसावं तसं ते वाटलं. दुकानातली माणसं हसली. 'शेतस'पाशी तिला ठेच लागली. पण जेवलास का, डोळे कसे आहेत, इथे सगळं बरं आहे, असा शब्द न् शब्द कळला, मधे कोणी नव्हतं, आणि माझे डोळे भरून आले. पाणी मात्र त्यांना अजून येतं.

मी तोच फोन घेतला. जुना त्याच दुकानात बदल्यात देऊन टाकला. बैल घेताना दात पाहावेत आणि चालवून बघायचं राहावं, तसं माझं झालं. फोनने वाचायचं कसं ते मी तपासलं. त्याने माझं लिहायचं कसं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नव्या फोनवर बोटाने गिरवायची सोय घरात कोणाला सापडली नाही. असेलही कुठे. दाबायची अक्षरं मला दिसत नव्हती. मुलगा फोनवरून म्हणाला, गिरवायचं कशाला, नुसतं बोला, तो लिहून घेतो. मी बोललो. "अक्का, मी जेवनू. डोया तसाच शेतस." जे उमटलं ते हिने वाचायला घेतलं आणि पदर तोंडाला लावला. पुन्हा बोललो, हळू बोललो, तुकडे करून बोललो. दर वेळी वेगळंच काहीतरी उमटे. त्यात ना माझी बहीण होती ना मी.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवर माइकपुढे बसून गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलं. "पारोळा, धुळे, साक्रीमार्गे पिंपळनेरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." माइक बंद केला की खिडकीशी आलेल्या माणसाशी मी अहिराणीतच बोलायचो. माइकचा आवाज वेगळा, माणसाचा वेगळा. त्या दिवशी रागाच्या भरात मी घसा साफ केला आणि फलाटावरच्या आवाजात फोनला म्हणालो, "अक्का, माझे जेवण झाले आहे. डोळे पूर्वीसारखेच आहेत." हिने वाचलं आणि म्हणाली, "अहो, एकही चूक नाही."

मग तसंच सुरू झालं. दुसरा मार्ग नव्हता. अक्काचं पहिलं उत्तर आलं, "हाई कोन लिखी ऱ्हायनं?" हे कोण लिहितंय, असं ती विचारत होती. मी पुकारलं, "अक्का, मीच लिहीत आहे." थोड्या वेळाने बाईने वाचलं, "तू आसा नही बोलस."

खरं होतं. आमच्याकडे माणूस घरच्यांशी अहिराणीत बोलतो आणि परक्याशी, साहेबाशी, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांशी मराठीत. घरचा माणूस मराठीत बोलायला लागला की समजायचं, काहीतरी बिनसलं. आमचे आबा आईवर रागावले की शुद्ध मराठीत बोलायचे, तेव्हा आम्ही पोरं आपोआप बाहेर जाऊन बसायचो. अक्का त्याच घरातली. मी तिला फोनचं सगळं समजावून सांगितलं, पण सांगितलं तेही त्याच आवाजात. तिच्या सुनेकडूनही निरोप दिला. सून म्हणाली, "मामा, त्या हो म्हणतात. पण फोन उलटा करून ठेवतात."

अक्काचे मेसेज आखूड होत गेले. डोळ्यांची चौकशी राहिली, ओट्यावरच्या बायकांच्या कागाळ्या गेल्या. हिला म्हटलं, तू लिही. ही तयार होती. पण हिचं बोलणं यावलकडचं, आमच्यात ते लगेच ओळखू येतं. अक्का म्हणाली असती, भावाचं तोंड भावजयीने कधीपासून घेतलं. जुन्या फोनची मला फार आठवण यायची. त्यातून अर्धे शब्द जात होते, पण ते अर्धे तरी आमचे होते.

तेवढ्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया ठरवली. नजर येणार नव्हतीच, जी होती तिच्यासाठी होती. झाली. घरी सोडताना म्हणाले, महिनाभर धूळ नको, धक्के नको, प्रवास नको. आणि त्याच महिन्यात आखाजी होती.

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. बाहेरच्यांना आमची दिवाळी दिसते, पण लेकीबाळींचा खरा सण आखाजीच. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांची घागर भरतात. आणि लेक आपणहून यायची नसते, माहेरच्या माणसाने जाऊन आणायची असते. आता पोरी स्वतःच्या गाड्या चालवत येतात, कोणी विचारत नाही. अक्का मात्र जुन्या चालीची. आबा गेल्यापासून दर आखाजीला मीच तिला आणायला जायचो, माझ्याच स्टँडवरून सुटणाऱ्या गाडीने. ती पिशवी भरून ओट्यावर बसलेली असायची. मला लांबून पाहून म्हणायची, "उना का रे भाऊ?" आलास का, एवढंच, आणि मी पाणी प्यायच्या आत पायात चपला घालायची. तिचं माहेर म्हणजे आता पिंप्राळ्यातलं हे दोन खोल्यांचं घर आणि त्यातला मी. दुसरं काही उरलेलं नाही.

या वर्षी तिनेच आधी विचारलं. बाईने वाचलं, "आखाजीले लेवाले कव्हय येशी?" न्यायला कधी येतोस, असं. कितीतरी दिवसांनी तिने पहिल्यासारखं काही विचारलं होतं. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचून घेतला. दर वेळी बाई 'लेवाले'पाशी अडखळली आणि दर वेळी मला ते गोड वाटलं.

ही म्हणाली, सुनेला फोन करून सांगा. पण सुनेच्या तोंडून माहेरचं बोलावणं जात नसतं. मुलाने गाडी ठरवली, चालक पिंपळनेरहून घेऊन येईल म्हणाला. मी फोन तोंडाशी धरला. आधी अहिराणीत बोलून पाहिलं. हिने वाचून नुसतं "अंहं" म्हटलं. मग घसा साफ केला. "अक्का, डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मी न्यायला येऊ शकत नाही. गाडी पाठवत आहे. आखाजीला कृपया यावे."

'कृपया' माझ्या तोंडातून गेलंच. त्या आवाजात ते आपोआप येतं, इतकी वर्षं आलंय. तेवढा शब्द काढायला गेलो तर सगळंच पुसलं गेलं. पुन्हा पुकारलं, पुन्हा 'कृपया' आलं. ही म्हणाली, राहू द्या हो, बहीण आहे, समजून घेईल. मी पाठवलं.

दोन दिवस काही आलं नाही. ही मांड्यांसाठी खापर काढून घासून बसली होती. अक्काला खापरावरच्या पुरणपोळ्या लागतात, तव्यावरची ती हातात धरत नाही. मी हिला म्हटलं, कदाचित अक्काचा फोन बंद असेल. ही घासलेलं खापर पुन्हा पुसायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाई वाचू लागली.

"चिरंजीव भाऊस अनेक आशीर्वाद. आपला निरोप मिळाला. येणे जमणार नाही. गाडी पाठवू नये. आपण प्रकृतीस जपावे. काळजी नसावी."

बाई कुठेही अडखळली नाही. फोन घेतल्यापासून अक्काचा असा एकही मेसेज तिने सरळ वाचला नव्हता, हा मात्र पाण्यासारखा वाचला. बाकीचं मी सोसलं असतं. ती मला 'आपण' म्हणाली. माझं नाक पुसलेली, मला कडेवर घेऊन नदीवर गेलेली माझी अक्का. रागावली असती तर मी आनंदाने शिव्या खाल्ल्या असत्या. यात राग नव्हता. तिने फक्त मी ज्या भाषेत बोललो त्या भाषेत उत्तर दिलं होतं, तिच्या शाळेतल्या त्या पैकीच्या पैकी मार्कांच्या पत्रासारखं.

ही खापर उचलून आत घेऊन गेली. ते माळ्यावर ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी अक्काला लिहायला फोन तोंडाशी नेला. मनात सगळं अहिराणीत आलं होतं, बठ्ठं, अगदी ओट्यावरच्या पिशवीपर्यंत. त्यातलं फोनला काही देता येण्यासारखं नव्हतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ठीक आहे अक्का. आपणही प्रकृतीस जपावे."

ते जसंच्या तसं उमटलं. बाईने मला ते वाचून दाखवलं, आणि तो आवाज माझाच आहे असं मला वाटलं.