एआयला आमचं वय कळतं तेव्हा

साठी उलटली की किस्से जमवावे लागत नाहीत, लोक घरपोच आणून देतात. आता त्यात एआयची भर पडली आहे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही पासष्टीपुढची मंडळी रोज सकाळी टेबल टेनिस खेळतो. सध्या त्या टेबलावरच गदा आली आहे. कमिटीला तिथे ‘ज्येष्ठांसाठी काहीतरी’ करायचंय. मग आम्ही कोण, हे विचारायचं राहून गेलं असावं.

*

टेबल वाचवायचं तर स्पर्धा भरवू, असं ठरलं. पोस्टरचं काम आमच्यातल्या जोगळेकरांकडे. त्यांनी एआयला लिहिलं, ‘सत्तरीतली माणसं टेबल टेनिस खेळताना दाखव.’ चित्र आलं: नातवंडं खेळताहेत, आजी-आजोबा बाकावर बसून टाळ्या वाजवताहेत.

जोगळेकरांनी बजावलं, ‘आजोबांनाच खेळू दे.’ या वेळी आजोबांच्या एका हातात बॅट, दुसऱ्या हातात काठी.

नलिनीताईंनी चष्मा वर करून पाहिलं. “सर्व्हिस काय तोंडाने करायची?”

*

नलिनीताई आमच्यात सर्वांत मोठ्या, अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांच्या वाढदिवसाला मी एआयकडून शुभेच्छा लिहून घेतल्या आणि न वाचताच ग्रुपवर टाकल्या. चूक माझीच. ‘आयुष्याच्या सायंकाळी आपले थरथरते हात आमच्या डोक्यावर असेच राहोत.’

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “या, थरथर दाखवते.”

अकरा-दोन हरलो. ते दोनही त्यांनी दिलेले असावेत.

*

जोगळेकरांनी वय एकाहत्तर सांगून बॅकहँड कसा सुधारायचा ते एआयला विचारलं. उत्तर आलं, खुर्चीत बसा, दीर्घ श्वास घ्या, घरच्यांशी बोला. मग त्यांनी वय एकतीस सांगितलं. लगेच महिन्याभराचा सराव हजर.

“तेच गुडघ्यालाही सांगून पाहिलं,” जोगळेकर म्हणाले, “तो विश्वास ठेवत नाही.”

*

परवा कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी अनिकेत पस्तिशीचा, मनाने चांगला मुलगा. टेबल काढून करायच्या ‘विश्रांती कक्षा’चं एआयने काढलेलं चित्र त्याने भिंतीवर दाखवलं. झुलत्या खुर्च्या, मांडीवर शाली, सगळे खिडकीबाहेर बघत बसलेले. मला खरंच वाईट वाटलं. हा आपल्याला असं बघतो?

“कोण हे?” नलिनीताईंनी विचारलं.

“आपले ज्येष्ठ, काकू. म्हणजे, प्रातिनिधिक.”

“आपल्या सोसायटीत राहतात?”

“नाही, तसे नाही राहत.”

“मग ते राहायला आले की काढू टेबल.”