विरजणाचं माहेर

लग्न होऊन मी नागपूरच्या जरीपटक्यात आले, तेव्हा आमच्या गल्लीत दह्यावरून वीस वर्षांचं भांडण चालू होतं. एका बाजूला माझ्या सासूबाई, दुसऱ्या बाजूला समोरच्या घरातली सिंधी चाची. मुद्दा एकच, दही मुळात कोणाचं?

सासूबाईंचं विरजण कन्हानजवळच्या त्यांच्या माहेरचं. लग्नात आईने चिनीमातीच्या बरणीत घालून दिलेलं, आणि तेव्हापासून एक दिवसही न मोडलेलं. चाची सांगे, तिचं विरजण फाळणीत सिंधमधून आलं. निघताना तिने ओढणीचा तुकडा दह्यात भिजवून वाळवला, गाठोड्यात बांधला आणि इथे येऊन कोमट दुधात बुडवला. रोज सकाळी दोघी आपापल्या ओट्यावरून एकमेकींच्या दह्याला पाणचट म्हणत आणि मगच चहा पीत.

सासरे शाळामास्तर. एकदा पेपर वाचता वाचता त्यांनी जाहीर केलं, की दही तुर्की धनगरांनी शोधलं असं काही विद्वान म्हणतात, बल्गेरियावालेही हक्क सांगतात, आणि नक्की कोणालाच ठाऊक नाही. ओट्यावरचं भांडण जागच्या जागी थांबलं. दोघी पहिल्यांदाच एक होऊन मास्तरांवर धावून गेल्या.

"त्या तुर्काले विरजण कोनं दिलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

आठवडाभर मास्तरांना ताकही मिळालं नाही.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई भाच्याच्या लग्नाला माहेरी गेल्या. जाताना बरणी माझ्या हातात दिली. त्यांची आई आदल्या वर्षी गेली होती, भावाने म्हशी विकल्या होत्या. आईच्या हातचं असं हेच काय ते उरलं होतं. "लेकरावानी सांभाळजो वं," त्या म्हणाल्या.

तीन दिवस मी सांभाळलं. चौथ्या दिवशी मास्तरांना कढीची हुक्की आली आणि मी बेसन लावून सगळंच्या सगळं दही उकळून टाकलं. जेवणं झाली, मास्तरांनी वाटी बोटाने पुसून खाल्ली, आणि मग मला विरजण आठवलं. सासूबाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

दिवेलागणीला पदराखाली वाटी लपवून मी चाचीकडे गेले आणि रडत रडत सगळं सांगितलं.

"दिवा लागला, बेटी," चाची म्हणाली. "आता घरातलं दही देत नाहीत."

मी उठले. तिने हात धरून परत बसवलं. "देणार नाही, एवढंच म्हटलं. मी भिंतीकडे तोंड करते. तू चोरून घे."

आणि खरोखरच ती पाठ करून बसली. आयुष्यातली पहिली चोरी मी मालकिणीच्या सूचनांनुसार केली.

"नीट भरून घे," ती भिंतीला म्हणाली. "तुझ्या सासूने पाठ फिरवली होती, तेव्हा मी दोन चमचे घेतले होते."

मला काही कळेना. तिने सांगितलं, की नागपूरला पोचल्यावर पहिल्याच दिवशी तिच्या सासूने तो मळका तुकडा साबण लावून खसाखसा धुतला, वर नीळही दिली. सिंधचं दही तिथेच संपलं. ती रडत आमच्या घरी आली, तेव्हाही दिवा लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दह्यात बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे पाहिलं. "समोरून आणलं?"

मला रडूच फुटलं.

"रडून काहून राहिली वं? माह्या मायचंच हाय ते."

"तुम्हाला माहीत आहे, मग रोज भांडता कशाला?"

सासूबाईंनी समोरच्या दाराकडे हात केला. "तिचं गाव गेलं, घर गेलं. म्या भांडनं सोडलं, तं ते दही सिंधचं हाय असं म्हननार कोन?"

मग पदर खोचून त्या ओट्यावर गेल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "काय वं बाई, तुमच्या सिंधच्या दह्याले आज लय पानी सुटलं!"